पालथी वाटी

"आजपासून कुणीही वाटी पालथी घालायची नाही," शर्वरी म्हणाली.

समोर सतरंजीवर चौदा बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या अंगात एकसारखे अबोली कोट, खिशावर पाळण्याचं चित्र आणि त्याखाली 'पाळणा परिवार' अशी अक्षरं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर शर्वरीचं ऑफिस होतं. खिडक्या बंद होत्या आणि चौदा जणींच्या हातांत मुरलेला खोबरेलाचा वास खोलीत दाटून राहिला होता. मी कडेच्या खुर्चीत रुजूला मांडीवर घेऊन बसले होते. रुजू माझी मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची. मीटिंगची टिपणं काढायचं काम माझ्याकडे होतं.

"मग पोराचं झालं की काय करायचं?" त्यांतल्या सगळ्यात जुन्या मालनमावशींनी विचारलं.

"काय झालं की?"

"अंग झालं की. मान बसली, पाठ बसली, पोरगं रांगाया लागलं. मालिशवालीचं काम संपलं. मग?"

"संपलं असं आपण म्हणायचंच नाही, मावशी. 'ताई, पुढचा टप्पा सुरू करू या ना,' असं म्हणायचं."

"आन् पोर शाळंला जाया लागलं की दप्तराला बी तेल चोळायचं का?"

सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शर्वरीही हसली, अगदी मनापासून. ती कधी चिडत नसे. या बायकांना आठवड्याची सुट्टी, ठरलेला पगार आणि दवाखान्याचा विमा साताऱ्यात पहिल्यांदा तिनेच दिला होता, आणि मंगळवारची सुट्टी मालनमावशींनाही आवडायची, हे खोटं नाही.

हसून झाल्यावर ती फळ्याकडे वळली आणि चार पायऱ्या काढल्या.

"दुकानदाराला रोज नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. आपल्याला एकदाच शोधायचंय, आणि मग सोडायचं नाही. पहिले तीन महिने 'कुशी'. नवव्यापर्यंत 'रांग'. दीड वर्षापर्यंत 'पाऊल'. दोन वर्षांपर्यंत 'धाव'. दर पाच तारखेला पैसे खात्यातून आपोआप आले पाहिजेत, आईला आठवणसुद्धा यायला नको. एक आई म्हणजे चोवीस हप्ते. तुमचा पगार त्यातूनच येतो, हे विसरू नका."

मी लिहून घेतलं. एक आई म्हणजे चोवीस हप्ते. खाली रेघ मारली.

मालनमावशी माझ्या वहीकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मी वही किंचित तिरकी केली.

वाटीची पद्धत त्यांचीच. त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आलेली, आणि त्यांच्याकडून हाताखाली शिकलेल्या बाकीच्यांकडे गेलेली. बाळ रांगायला लागलं की एका सकाळी त्या वाटीतलं तेल पुरतं संपवायच्या, बोटाला राहिलेलं बाळाच्या तळपायांना पुसायच्या आणि वाटी पाटाशेजारी पालथी घालून म्हणायच्या, "झालं. आता ह्याचं हे." मग घरातल्या बाईने त्यांची ओटी भरायची. खण, नारळ, ऐपत असली तर साडी. त्यानंतर त्या घरात परत यायच्या त्या दुसऱ्या बाळंतपणालाच.

शर्वरीला ही पद्धत माहीत नव्हती. ती तिला माझ्याकडून कळली. ते मी वहीत लिहिलं नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलंय. लग्नाआधी ज्युनियर कॉलेजात तासांवर शिकवत होते. रुजू झाल्यावर ते सुटलं. नितीनची एमआयडीसीत पाळीची नोकरी, आई बार्शीला मणक्याच्या दुखण्याने झोपून. घरात मी आणि रुजू. मी तिचे श्वास मोजायची. दूध ओढतानाचे घोट मोजायची. तेलाची वाटी रोज उकळत्या पाण्यातून काढायची. मालनमावशी म्हणायच्या, "वाटीला बी बाळंतपण झालं का गं?" त्या पाटावर पाय पसरून बसायच्या, रुजूला नडग्यांवर घ्यायच्या, तिचा उजवा हात आणि डावा पाय पोटावर जुळवायच्या, सोडायच्या, पुन्हा जुळवायच्या. तेवढा पाऊण तास मी भिंतीला टेकून नुसती बसायची. दिवसभरात तेवढीच वेळ अशी असायची की रुजूवर डोळे माझे सोडून आणखी कुणाचे तरी असायचे.

साडेसातव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी रुजूच्या तळपायांना बोटं पुसली आणि वाटी उचलली. मी त्यांचं मनगट धरलं.

"नको ना मावशी. अजून नको."

"का गं?"

"हिचा डावा पाय बघा ना. रांगताना मागे राहतो. ओढते ती."

त्यांनी रुजूला खाली सोडलं, दोन वेळा इकडून तिकडे जाऊ दिलं.

"सगळीच पोरं एक पाय वढत्यात. चार दिसांत सोडून देत्यात. तूबी वढला असशील."

"तरी पण."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वाटी होती तशी खाली ठेवली. "बरं. तुझ्यासाठी येते. तिच्यासाठी न्हाई."

दर गुरुवारी दुपारी ऑफिसात आयांचा कट्टा भरायचा. आपापली मुलं घेऊन बारा-पंधरा जणी, चहा, राजगिऱ्याचे लाडू. तिथे मी हे सगळं सांगितलं. वाटी, मनगट, डावा पाय. दुसऱ्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चौघींनी लिहिलं की त्यांनीही घरी जाऊन पाय बघितला.

कट्टा संपल्यावर शर्वरीने मला थांबवलं होतं. रुजूला कडेवर घेतलं, तिच्याशी बोबडं बोलली, आणि मग म्हणाली, "माझ्याकडे काम करशील? दुपारचे दोन तास, घरी बसून. टप्पा संपत आलेल्या आयांना फोन करायचे."

"मला विकायला नाही जमणार, शर्वरी."

"विकायचं कुठे? काळजी करायची. अगं, तू बोलत होतीस ना, तेव्हा सगळ्या श्वास धरून ऐकत होत्या. तुला खरंच भीती वाटते. ती आवाजात उतरते. शिकवून येत नाही ते."

मी हे कौतुक समजून घरी नेलं. नितीनलाही सांगितलं. तो पेपर वाचता वाचता म्हणाला, "घरबसल्या आहे ना? कर की मग."

वाटी बंद करायच्या त्या मीटिंगनंतरच्या सोमवारी मी सोनल घोरपडेला फोन केला. ती गावालगतच्या करंज्यात राहायची, नवरा फौजेत, घरात ती, सासरे आणि नऊ महिन्यांचा वीरू. तिच्याकडेही मालनमावशीच जायच्या. तिला 'रांग' संपल्यावर पुढे काही नको होतं.

"मावशी म्हणाल्या झालं म्हणून," ती म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता, मागे कुकरची शिट्टी होत होती. "उद्या-परवा त्यांची ओटी भरायचीय. पोपटी साडी आणलीय मी."

"छान. वीरू रांगतो ना आता?"

"अहो, धरवत नाही! काल देव्हाऱ्यापर्यंत गेला."

"रांगताना डावा पाय थोडा मागे राहतो का हो त्याचा?"

हे मी ठरवून विचारलं नव्हतं. निदान मी तेव्हा स्वतःला तसं सांगितलं.

मग ती म्हणाली, "थांबा हं, बघते." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. "वीरू, ये. ये इकडे. पुन्हा ये." बाळ खिदळत होतं. त्याला तो खेळ वाटत होता. शिट्टी पुन्हा झाली, कुणी गॅस बंद केला नाही.

ती परत आली तेव्हा आवाज निराळा होता.

"हो, राहतोय."

"घाबरू नका. बहुतेक वेळा काही नसतं. पण आत्ता मालिश बंद करू नये एवढंच."

"नाही, नाही. बंद नको. ह्यांनाही आत्ता कळवत नाही. किती महिने सांगा."

संध्याकाळी शर्वरीने कंदी पेढ्यांचा पुडा पाठवला. फोन करून म्हणाली, "ते पायाचं वाक्य तसंच्या तसं लिहून दे मला. सगळ्यांसाठी वापरू. मी दोन नव्या मुली घेतेय फोनला."

मी लिहून दिलं. चांगलं लिहिते मी, कॉलेजच्या अंकाचं संपादन केलंय. *रांगताना डावा पाय थोडा मागे राहतो का?* आणि त्याखाली कंसात, स्वतःच्या बुद्धीने: *इथे थांबा. काही बोलू नका. आई बघून येईल.*

लिहिताना तोंडात पेढा होता. टाळूला चिकटलेला. अजून कुणी कंदी पेढा पुढे केला की मी हात जोडून नको म्हणते. लोकांना वाटतं साखरेचं काहीतरी असेल.

शनिवारी सकाळी मालनमावशी आल्या. पाटावर बसल्या, पण रुजूला घ्यायला हात पुढे केले नाहीत.

"सोनलच्या पोराचा पाय कुणी वाकडा केला?"

मी तेल गरम करत होते. वळले नाही.

"काय झालं?"

"पाच दिस झाले, पोर कडेवर हाय. खाली सोडत न्हाई ती. म्हणती पायावर जोर आला तर आणखी बिघडंल. म्हातारा सासरा म्हणतो, सोड गं, रडतंय ते. तर त्याच्या अंगावर गेली. पोर जमिनीकडं हात करून करून वरडतंय. गळा बसलाय त्याचा."

"डॉक्टरांना दाखवायचं ना तिने."

"दोघांना दाखवलं. दोघं म्हणाले काय बी न्हाई. आता तिसऱ्याकडं निघालीय. दोघांनी न्हाई म्हणलं की भीती दुप्पट व्हती, म्हाईत न्हाई तुला?" त्या थांबल्या. "तुला तर म्हाईत हाय."

रुजू त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती. त्यांनी तिला उचललं, तिच्या डाव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला.

"ह्या पायाचं बोलणं तिच्या घरात कसं गेलं, पोरी?"

"ऑफिसमधून फोन जातात, मावशी. कोण काय बोलतं, मला कसं कळणार?"

त्यांनी मान हलवली. मालिश केली, अंघोळ घातली, टाळूवर तेल थापलं. सगळं रोजच्यासारखं. जाताना म्हणाल्या, "काल म्या तिच्या घरी गेले. पोर हिसकून घेतलं आन् खाली सोडलं. रांगलं आपलं, न्हाणीपत्तुर गेलं. आन् तिच्यासमोर वाटी पालथी घातली. मॅडमला सांगायचं असंल तर सांग."

"मी कशाला सांगेन?"

"ते बी खरं," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

सोमवारी शर्वरीने मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. तिच्यासमोर कागदावर दहा-बारा नावं होती, प्रत्येकापुढे लाल फुली.

"ही सगळी घरं रांग संपता संपता सुटली. सगळी मालनबाईंची. मीटिंगमध्ये सांगितल्यावरही त्या वाट्या पालथ्या घालताहेत. मला खात्री आहे, पण पुरावा नाही. वाटी त्यांनीच पालथी घातली, असं एकीने जरी मला सांगितलं, तर मी त्यांना काढू शकते."

"काढणार? अगं, त्यांनी चाळीस वर्षं..."

"घरं आता परिवाराची आहेत, अनुजा. त्यांनी सही केलीय. अंगठा केलाय म्हणजे. बाहेर पडल्या तर वर्षभर या यादीतल्या कुठल्याही घरी जाता येणार नाही." तिने पेन ठेवलं. "सोनल घोरपडेकडे काय झालं? तिने बंद करते म्हणून कळवलंय. तुला काही बोलल्या मावशी?"

रुजू टेबलाखाली रांगत होती. शर्वरीने वाकून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अजून राहतोय का गं तो पाय?"

"थोडा."

"मी पुण्याहून एक फिजिओथेरपिस्ट आणतेय, 'पाऊल'च्या मुलांसाठी. पहिली रुजूला दाखवू. तुझी मेंबरशिपही पुढे मी बघते, तू काळजी करू नकोस. आपल्या घरचं मूल आहे ते." तिने रुजूला बाहेर काढून माझ्या मांडीवर दिलं. "मावशींना कळत नाही असं नाही. पण त्यांचा जमाना वेगळा. त्यांच्या हातातून काही सुटलं तर त्या म्हणतील नशीब. तू म्हणू शकशील?"

मला तेव्हा खरंच एवढंच दिसत होतं: पुण्याहून येणारी एक बाई, स्वच्छ हात, आणि रुजूचा पाय तिच्या हातात.

"मावशींनी मला स्वतः सांगितलं," मी म्हटलं. "शुक्रवारी त्यांनी सोनलकडे वाटी पालथी घातली."

शर्वरीने माझ्या खांद्यावर थोपटलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं, आणि चहा मागवला. चहा पिऊनच मी निघाले.

बुधवारपासून आमच्याकडे नवी बाई आली. तरुण, गोड बोलणारी. पाऊण तासाचं काम पंचवीस मिनिटांत उरकून म्हणाली, "ताई, पुढचा टप्पा सुरू करू या ना?"

पुण्याची बाई आली नाही. पुढच्या आठवड्यात येणार होती, मग त्याच्या पुढच्या.

रुजूला नऊ महिने पूर्ण झाले त्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी धुतलेले कपडे घडी घालत होते, रुजू चादरीवर स्टीलच्या डब्याशी खेळत होती.

"नमस्कार मॅडम, पाळणा परिवारमधून केतकी बोलतेय. अभिनंदन! बाळाला आज नऊ महिने झाले ना?"

नवी मुलगी होती. मला ओळखत नव्हती, तिच्यापुढे नुसती यादी होती. म्हणजे शर्वरीने माझ्या मेंबरशिपचं काहीच बघितलं नव्हतं. मी हसून तिला सांगणार होते, अगं, मी अनुजा, मीही तिथलीच. पण ती वाचत होती, आणि मला तिचा आवाज ऐकायचा होता. बारीक, विशीतला आवाज. मध्येच अडखळत होती.

"बाळ रांगतं ना आता?"

"हो."

"छान. रांगताना डावा पाय थोडा मागे राहतो का?"

आणि ती थांबली. कंसात लिहिलं होतं तशी. मला तिचा श्वास ऐकू येत होता. बहुतेक मनात आकडे मोजत होती.

मला माहीत होतं की हे माझं वाक्य आहे. कोणत्या दुपारी, कोणत्या पेनाने लिहिलं तेही माहीत होतं. ती थांबलीय ते मी थांबायला सांगितलंय म्हणून, हेसुद्धा माहीत होतं.

मी फोन चादरीवर ठेवला आणि रुजूला म्हटलं, "ये. इकडे ये, बाळा."

ती आली. मी तिला उचलून परत पलीकडे ठेवलं. "पुन्हा ये." ती खिदळली. पुन्हा आली. मी गुडघ्यांवर बसून, मान जमिनीला लावून बघत होते. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा फोनमधून आवाज आला, "मॅडम? बघितलंत का?"

मला उलटी झाली. मोरीपर्यंतही पोचले नाही. रुजू डबा वाजवत बघत होती. फोनमधली मुलगी दोनदा "हॅलो" म्हणाली आणि मग तिने ठेवून दिला.

तोंड धुऊन मी शर्वरीला फोन लावला. झालं ते सांगितलं. वाटलं होतं ती शरमेल, निदान गडबडेल.

"काय सांगतेस!" ती म्हणाली. मग तिला हसू आलं, नेहमीचं, मनापासूनचं. "म्हणजे लिहिणारीलाच लागू पडलं? अगं, मग तर कुणीच सुटणार नाही त्यातून!"

मी फोन बंद केला. मग सोनलला लावला.

"सोनल, मी अनुजा. वीरूचा पाय एकदम ठीक आहे. मी तुम्हाला उगाच घाबरवलं होतं. मेंबरशिप चालू राहावी म्हणून. सगळ्याच मुलांचा..."

"तुम्ही आता असं का म्हणताय?" तिने मध्येच विचारलं.

"कारण ते खोटं होतं."

"कुणी सांगितलं तुम्हाला असं बोलायला? काही कळलंय का तुम्हाला? लपवताय का काही?" तिचा आवाज चढत गेला. "मावशी म्हणतात काही नाही, डॉक्टर म्हणतात काही नाही, आता तुम्हीपण. मी काल पुन्हा सुरू केलं सगळं. फोन करू नका मला."

मागे वीरू रडत होता. बसलेल्या गळ्याने.

त्याच संध्याकाळी मी गोडोलीला मालनमावशींच्या घरी गेले. पिशवीत खण, नारळ आणि एक जांभळी साडी. रुजू कडेवर. त्या दारात बसून शेंगा फोडत होत्या. अंगावर अबोली कोट नव्हता. मला बघून त्यांनी सूप बाजूला सरकवलं, पण उठल्या नाहीत.

"तू सांगितलंस व्हय?"

"हो."

"बरं. मला वाटलं खोटं बोलशील."

मी उंबऱ्यापाशी बसले. "काम मिळालं का कुठे?"

"घरं समदी तिच्या वहीत. दोघीतिघी चोरून बोलावत्यात, पण म्या चोरून जात न्हाई. बाळंतिणीच्या घरी चोरून जायचं असतं का?" त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "लेक म्हणते, उसाच्या टोळीचा सैपाक कर. बघू."

मी पिशवीतून साडी काढली, तिच्यावर खण आणि नारळ ठेवला. "मावशी, तुमची ओटी भरायची राहिली होती."

त्यांनी साडीकडे बघितलं, हातसुद्धा लावला नाही.

"वाटी पालथी कुठं घातलीय म्या तुझ्या घरात? काम संपलंच न्हाई तर ओटी कसली?"

"मग चला ना. उद्या या. घाला पालथी."

"न्हाई," त्या म्हणाल्या. रागाने नाही. भाजी नको म्हणावं तशा. मग रुजूकडे बघून म्हणाल्या, "तिला खाली सोड."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुपारपासून मी रुजूला खाली ठेवलंच नव्हतं. रिक्षात, रस्त्यात, फोन करताना, सगळा वेळ ती माझ्या कडेवर होती. माझा हात तिच्या डाव्या मांडीखाली आवळलेला होता, आणि तिथे लाल वळ उठले होते.

मी तिला सोडलं. शेणाने सारवलेल्या अंगणात ती क्षणभर हात टेकून थांबली आणि मग सुटली. सुपाकडे, तिथून कोंबडीमागे, तिथून तुळशीच्या डब्याकडे.

"कुठं बघतीस?" मालनमावशींनी विचारलं.

माझी नजर तिच्या डाव्या पायावर होती.

"एकदा तिच्या तोंडाकडं बघ की गं."

मी मान वर केली. रुजू हसत होती. मी बघितलं, मला आठवतं मी बघितलं. पण किती वेळ, ते सांगता येणार नाही.

मी काम सोडलं. पाळणा परिवारची आता चार जिल्ह्यांत ऑफिसं आहेत. बसच्या मागे त्यांची जाहिरात असते, त्यात एक तरुण आई वाकून बाळाच्या पायाकडे बघते आहे. मालनमावशी त्या वर्षी टोळीबरोबर गेल्या, त्यानंतर मला भेटल्या नाहीत. त्या वापरायच्या ती वाटी आमच्याच घरची, म्हणून ती घरातच राहिली. ओट्याच्या वरच्या फळीवर, सुलटी. भांडी घासणाऱ्या बाईने कधी चुकून उपडी ठेवली तर मी उठून सुलटी करते.

रुजू आता नऊ वर्षांची आहे. शाळेत धावते, दोनशे मीटरमध्ये दुसरी आली गेल्या वर्षी. परवा तिला सरावाहून आणायला गेले होते. मैदानाच्या त्या टोकाकडून ती माझ्याकडे पळत आली आणि धापा टाकत उभी राहिली.

"आई, तू नेहमी माझ्या पायांकडे का बघतेस?"

"लेस सुटलीय तुझी," मी म्हटलं.

तिने खाली बघितलं. तिच्या बुटांना लेस नव्हती, पट्टे होते. मान वर करायच्या आधी तिने डावा पाय थोडा पुढे घेतला, टाच हलवून पाहिली, आणि त्याच्याकडे बघत राहिली.